फाउंडेशन कडक केलं की इंजिन लवकर जातं का?

व्हिडिओ कॉलवर भाच्याचा चेहरा सारखा थरथरत होता. नेटवर्क नीट होतं. फोन डॅशबोर्डवरच्या स्टँडला अडकवलेला, गाडी सोसायटीच्या गेटपाशी नुसती चालू करून उभी, आणि स्वारी खुशीत. "मामा, फाउंडेशन बदललं. रबर काढून पॉलीचं टाकलं. गिअर कसा पडतो आता, खटकन!"

गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन म्हणजे इंजिन माउंटिंग. इंजिन आणि बॉडी यांच्या मधे बसणारे रबराचे तीन-चार तुकडे. त्यातला खालचा एक, टॉर्क रॉडचा, त्याने कडक पॉलियुरेथेनचा करून घेतला होता. गाडी तीन सिलिंडरची साधी हॅचबॅक. मी एवढंच म्हटलं की तुझा फोन हलतोय. तो म्हणाला, "रेसिंग फील आहे तो."

चार महिन्यांत फील ओसरला. चढावर गाडी अडखळायला लागली. चेक इंजिनचा पिवळा दिवा कधी लागायचा, कधी आपला आपण विझायचा. जवळच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेटला कान लावून निदान केलं: कडक फाउंडेशनने इंजिन आतून खिळखिळं झालंय, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं जड झाकण, खोलावं लागेल. भाचा हबकला. हेडला हात लावायच्या आधी दोन दिवस थांब, असं मी त्याला सांगितलं. त्या दोन दिवसांत त्याला जे समजावलं, तेच इथे जरा सैलपणे मांडतो.

थरथर मुळात येते कुठून, ते आधी बघू. आपल्या गाड्यांच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या (पिस्टनांच्या वर-खालीने फिरणारा मुख्य दांडा) दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, मिनिटाला ८०० फेरे धरले, तर चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला साधारण २७ स्फोट होतात, तीन सिलिंडरमध्ये २०. प्रत्येक स्फोट क्रँकला एका दिशेला ढकलतो आणि त्याची परतफेड म्हणून इंजिनाचं धूड उलट दिशेला कलायला बघतं. सेकंदाला २० वेळा असं कलणं, हीच सिग्नलला स्टिअरिंगवर जाणवणारी थरथर.

याशिवाय पिस्टनांची वर-खाली आहेच. चार सिलिंडरमध्ये दोन वर जाताना दोन खाली येतात, त्यामुळे हिशोब बराचसा मिटतो, पण पुरता नाही. पिस्टन वरचा अर्धा प्रवास जरा घाईने आणि खालचा अर्धा जरा आळसाने करतो, आणि या फरकामुळे दर फेरीला दोनदा एक हिसका उरतो. ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यावर दोन उलटे फिरणारे वजनी दांडे सुचवले होते. मित्सुबिशीने तीच कल्पना १९७० च्या दशकात गाड्यांमध्ये रूढ केली. तीन सिलिंडरचं दुखणं निराळं. तिथे वर-खालीचे जोर एकमेकांना खाऊन टाकतात, पण इंजिनाची दोन टोकं बागेतल्या सी-सॉसारखी आलटून पालटून उचलली जातात. आपल्याला हे नवीन नाही. १९८३ ची मारुती ८०० तीन सिलिंडरचीच होती. तेव्हा गाडी मिळाली याचाच आनंद एवढा होता की थरथर कोण मोजतो!

मोटारींच्या पहिल्या तीसेक वर्षांत इंजिन बहुधा चौकटीला थेट बोल्टने आवळलेलं असायचं. १९३१ साली क्रायस्लरने प्लिमथच्या चार सिलिंडरच्या गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' नावाने नवी बैठक आणली. इंजिन दोनच ठिकाणी, पुढे उंचावर आणि मागे खाली, रबरावर टेकवलं आणि त्या दोन जागा अशा निवडल्या की त्यांना जोडणारी रेषा इंजिनाच्या वजनाच्या मध्यातून जावी. म्हणजे इंजिनाला डोलायचंच असेल तर त्याने स्वतःच्याच अक्षाभोवती डोलावं, गाडीला सोबत ओढू नये. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने त्याचे हक्क घेतले आणि जाहिरातीत तरंगणारा हंस दाखवला. हंस बरोबर होता. इंजिन पाण्यावरच्या पक्ष्यासारखं हलत राहतं, आपल्याला वर फक्त मान दिसते.

आता नेमकं रबर काय करतं ते. घरातला मिक्सर घ्या. त्याच्या बुडाला चार रबरी पाय असतात. ते झिजून पडले की चटणी वाटताना ओट्यावरची वाटी-चमचे नाचायला लागतात. मोटर तीच, पातंही तेच. फरक एवढाच की आधी थरथर मिक्सरपाशीच राहायची, आता ती ओट्यात उतरते. भाच्याला इथपर्यंत पटलं, पण त्याचा समज असा झाला की रबर थरथर गिळून टाकतं. थोडी गिळतं, खरं आहे. मोठं काम मात्र वेगळंच आहे, आणि ते कळायला झोपाळ्यापर्यंत जावं लागतं.

झोपाळ्याची एक आपली लय असते. त्या लयीत पायाने हलकेच रेटत राहिलात तर झोका वाढत जातो. त्यापेक्षा पुष्कळ घाईने, सेकंदाला चार-पाचदा रेटत राहिलात, तर झोपाळा जागच्या जागी कुरकुरतो आणि जवळपास स्थिर राहतो. एका धक्क्याने निघायच्या आत दुसरा धक्का त्याला परत बोलावतो. रबरावर ठेवलेल्या इंजिनालाही अशी लय असते. छोट्या गाडीत ती सेकंदाला सुमारे १० हेलकावे, म्हणजे १० हर्ट्झच्या आसपास ठेवतात. स्फोटांचा वेग या लयीपेक्षा जितका जास्त, तितका धक्का बॉडीपर्यंत कमी पोचतो. मात्र ही सवलत लयीच्या सुमारे १.४ पट वेगानंतरच सुरू होते. त्याच्या खाली रबर वाचवत नाही, उलट धक्का वाढवून देतं.

हे तुम्ही रोज अनुभवता. गाडी बंद करताना इंजिन शांत होण्याआधी शेवटची एक गचकी देतं ना? तीन सिलिंडरचं इंजिन ८०० वरून शून्यावर येताना ४०० फेऱ्यांपाशी सेकंदाला बरोबर १० स्फोटांच्या लयीतून जातं. झोपाळ्याला अचूक वेळी रेटा मिळतो आणि गाडी एकदा अंग झटकते. इंजिन नीट असलं तरी हे होणारच.

आता भाच्याच्या गाडीचा हिशोब. रबर स्वतः जिरवतं ती थोडी थरथर सोडून देऊ, ढोबळ आकडे पुरेत. लय १० हर्ट्झ, स्फोट सेकंदाला २०. अशा वेळी धक्क्याचा साधारण एक तृतीयांश भागच बॉडीला लागतो. माउंटचा कडकपणा दुप्पट केला की लय १४ वर जाते आणि धक्का आहे तसा, शंभर टक्के, बॉडीत उतरतो. म्हणजे रबर असून नसल्यासारखं. कडकपणा चौपट केला तर लय होते २०. आणि स्फोट किती? २०. म्हणजे बंद करताना क्षणभर लागायची ती गचकी आता प्रत्येक सिग्नलला, इंजिन चालू आहे तोवर, लागतच राहणार. चार सिलिंडरच्या गाडीत हेच बदल केले तर सहाव्या हिश्श्यावरून सुरुवात होऊन आकडा दुपटीला चाळीसेक टक्क्यांवर आणि चौपटीला सव्वापटीच्या पुढे जातो. एकच पॉलीचा तुकडा मित्राच्या चार सिलिंडरच्या गाडीत 'काही फरक नाही' वाटतो आणि आपल्या गाडीत दात वाजवतो, त्याचं कारण या गणितात आहे. रेस केली की मात्र दोघांनाही बरं वाटतं, कारण ४००० फेऱ्यांना स्फोट सेकंदाला शंभर-सव्वाशेच्या घरात जातात आणि कडक रबरही त्यांना आवरतं.

मग कंपन्या माउंट लोण्यासारखे मऊ का करत नाहीत? कारण माउंटला दुसरं कामही आहे, आणि ते पहिल्याच्या नेमकं उलटं आहे. इंजिन आडवं बसवलेल्या, पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत सगळा गिअरबॉक्सही त्याच माउंटवर असतो. क्रँकवर ११० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, असला, तरी पहिल्या गिअरमध्ये तो चौदाएक पट होऊन चाकांकडे जातो, म्हणजे सुमारे १५०० न्यूटन-मीटर, आणि तेवढाच उलटा पीळ इंजिन-गिअरबॉक्सच्या धुडाला बसतो. बहुतेक छोट्या गाड्यांत वजन वरचे दोन माउंट पेलतात आणि हा पीळ अडवायला खाली तो टॉर्क रॉड असतो, हाडकासारखा दिसणारा, दोन्ही टोकांना बुश, म्हणजे रबरी कडी, असलेला. वरच्या माउंटपासून तो अर्धा मीटर खाली धरला तर क्लच झटकन सोडताना त्याच्यावर ३०० किलो वजन टांगल्याइतका ताण येतो. म्हणजे एकाच तुकड्याने सिग्नलला हलक्या थरथरीपुढे मऊ राहायचं आणि क्लच सोडताच तीन क्विंटलपुढे ताठ उभं राहायचं.

यावर उपाय फार हुशारीचा आहे आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. कुठल्याही मूळ माउंटचं रबर बघा. त्यात चंद्रकोरीसारख्या पोकळ्या असतात. त्या माल वाचवायला सोडलेल्या नाहीत. पहिल्या काही मिलिमीटरपर्यंत रबराच्या बारीक तंगड्याच काम करतात, म्हणून माउंट मऊ लागतं. जोर वाढला की पोकळी मिटते, रबराला रबर भिडतं आणि माउंट एकदम ताठ होतं. बाजारात 'इन्सर्ट' म्हणून मिळणारे पॉलीचे तुकडे नेमके या पोकळ्यांत कोंबायचे असतात. डिझायनरने मोजूनमापून रिकामी ठेवलेली जागा आपण पाचशे-हजार रुपयांत बुजवतो. महागड्या गाड्यांत हेच काम द्रवाने भरलेल्या हायड्रॉलिक माउंटकडून करून घेतात. आत दोन खोल्या आणि मधे एक वळणदार अरुंद वाट. पोर्शने ९११ जीटी३ मध्ये तर असे माउंट दिले की आतला द्रव चुंबकाने क्षणात घट्ट किंवा पातळ होतो. म्हणजे गरज पडेल तसा मऊ किंवा कडक. पैसे असले की दोन्ही दगडांवर पाय ठेवता येतो.

आता मूळ प्रश्न. हा जास्तीचा हादरा इंजिनाला आतून मारतो का?

आतल्या भागांचं रोजचं आयुष्य काय असतं ते आधी पाहू. पिस्टनचा व्यास ७३ मिलिमीटर आणि जळताना आतला दाब ७० बार धरला, तर प्रत्येक स्फोटाला पिस्टनच्या डोक्यावर जवळजवळ ३ टन भार येतो. ६००० फेऱ्यांना पिस्टन वर पोचून दिशा बदलतो तेव्हा त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १८०० पट ओढ असते. आणि आयडलिंगला अख्खं इंजिन दर वेळी मध्यापासून ०.३ मिलिमीटर इकडे-तिकडे हललं, तर त्याची ओढ होते गुरुत्वाकर्षणाच्या एक पटीहूनही कमी. बेअरिंग, क्रँक, कनेक्टिंग रॉड यांना हा हलका झोका कळणारही नाही. लोहाराच्या ऐरणीवर कुणी टिचकी मारावी तसं ते आहे. शिवाय इंजिन घट्ट आवळलं की ते स्वतः एरवी उलट कमीच हलतं, त्याच्या वाटचा हादरा बॉडी हलवण्यात खर्च होतो. तेव्हा 'कडक फाउंडेशनने इंजिन आतून खिळखिळं' हे निदान माझ्या मते जवळजवळ नेहमी चुकीचं असतं, आणि हेड खोलण्याइतकं महागही.

दुखणं बाहेर असतं. इंजिनाला आणि बॉडीला जे जे चिकटलेलं आहे, त्या सगळ्यांचा मार वाढतो: ब्रॅकेट, हीट शील्ड, सायलेन्सरचा लवचिक जाळीचा तुकडा, रेडिएटरच्या पकडी, एसीचे पाइप, वायरिंगच्या क्लिपा. यांना घाव मोठा लागत नाही, पण घावांची संख्या बघा. सेकंदाला २० म्हणजे तासाला ७२ हजार. शहरातल्या गर्दीत नुसतं उभं राहून चौदा तासांत दहा लाख धक्के पुरे होतात. धातू थकतो तो असाच, एका मोठ्या तडाख्याने नव्हे तर न मोजता येणाऱ्या छोट्या टपल्यांनी. ॲल्युमिनियमचं तर विशेषच: पोलादाला एका मर्यादेखालचे ताण हवे तितके दिले तरी ते सहसा तुटत नाही, ॲल्युमिनियमला अशी ठाम सुरक्षित मर्यादा नाही. इंजिन ब्लॉकला किंवा गिअरबॉक्सला माउंटसाठी जे 'कान' असतात ते आजकाल बहुधा ॲल्युमिनियमचेच. मोटरस्पोर्टसाठी लोखंडी ठोकळ्यासारखे माउंट लावणाऱ्यांचे हे कान तडकतात, आणि तेव्हा मात्र खरोखर इंजिनाचंच नुकसान होतं. पॉलीच्या एका टॉर्क रॉडने तिथवर सहसा जात नाही.

नट-बोल्टांचं वेगळंच. आपल्याला वाटतं की कंपनाने नट हळूहळू उलटा फिरतो. १९६९ साली जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी यंत्र लावून दाखवलं की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसलेल्या हादऱ्यांपेक्षा आडवे हादरे कितीतरी घातक असतात. जोडलेल्या दोन पट्ट्या एकमेकींवर केसभर सरकल्या की आट्यांमधली घर्षणाची पकड क्षणभर सुटते आणि नट त्या क्षणाचा फायदा घेतो. म्हणून माउंट बदलल्यावर पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा म्हणतात, ते बिल वाढवायला नव्हे. तो सल्ला फुकटात पाळता येतो, तरी पाळणारा विरळाच.

आणि कनेक्टर. भाच्याच्या गाडीतलं दुखणं आम्हाला इथेच सापडलं. इग्निशन कॉइलचा (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) सॉकेट काढला आणि मोबाइलच्या टॉर्चखाली पिना बघितल्या. दोन पिना चकचकीत, तिसरीवर बरोबर जिथे सॉकेटची पट्टी टेकते तिथे मोहरीच्या दाण्याहून लहान काळा डाग. नखाने खरवडलं तर काजळीसारखी पूड. पिनेवर कथिलाचा पातळ मुलामा असतो. सॉकेट सतत काही मायक्रॉन सरकत राहिला की मुलामा घासतो, उघड्या पडलेल्या कथिलावर हवेने ऑक्साइड धरतो, तो पुन्हा घासला जातो, असं करत करत तिथे वीज न वाहणाऱ्या पुडीचा थर जमतो. मग कधी संपर्क होतो, कधी तुटतो. तुटला की एक सिलिंडर पेटत नाही, गाडी चढावर अडखळते, दिवा लागतो. खड्ड्यातून गेलं की संपर्क जुळतो, आणि पुढे काही वेळा गाडी नीट चालली की दिवाही विझतो. इंजिन आतून ठणठणीत, आणि लक्षणं मात्र मरायला टेकलेल्या इंजिनाची.

एक सिलिंडर चुकला की गाडी एवढी का हलते, तेही याच हिशोबात बसतं. ८०० फेऱ्यांना एक सिलिंडर गप्प बसला तर दर दोन फेऱ्यांना एक खाच पडते, म्हणजे सेकंदाला जेमतेम सात. रबराची लय १० च्या घरात! सवलतीच्या हद्दीबाहेर आपण केव्हाच गेलेलो असतो. तेव्हा गाडी अचानक खाटेसारखी हलायला लागली तर माउंटवर संशय घेण्याआधी प्लग, कॉइल, इंजेक्टर बघा. माउंट निर्दोष असतानाही बदलली गेलेली शेकड्याने असतील.

शर्यतीच्या गाड्यांचं उदाहरण भाच्याने दिलंच. त्यात तथ्य आहे. ४ जून १९६७ ला हॉलंडच्या झांडव्होर्टमध्ये लोटस ४९ पहिल्यांदा धावली आणि जिम क्लार्क जिंकले. तिच्यातलं कॉसवर्थ डीएफव्ही हे व्ही-८ इंजिन रबरावर नव्हतंच. चालकाच्या पाठीमागच्या भिंतीला ते थेट बोल्टने आवळलं होतं आणि मागचं सस्पेन्शन इंजिन-गिअरबॉक्सलाच लटकत होतं. इंजिन हाच गाडीचा मागचा सांगाडा. या इंजिनाच्या घराण्याने पुढे १५५ ग्रां प्री जिंकल्या, तेव्हा कडक बसवलेलं इंजिन टिकत नाही असं कोण म्हणेल? पण त्या शर्यती दीड-दोन तासांच्या, आणि नंतर मेकॅनिक बोल्ट न् बोल्ट तपासणार. हेच इंजिन चोवीस तासांच्या ल मांसारख्या शर्यतीत नेलं तेव्हा त्याची मूळची कंपनं आजूबाजूचे भाग तोडण्यासाठी कुप्रसिद्ध झाली. जिंकलं ते तिथेही, १९७५ साली. पण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सहनशक्तीच्या शर्यतींसाठी आलेली ३.९ लिटरची मोठी आवृत्ती, डीएफएल, कंपनांमुळे फारशी विश्वासाची ठरली नाही. भाच्याला म्हटलं, तुझी गाडी दोन तासांची की चोवीस तासांची ते तूच ठरव. पुण्यातल्या सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तर ती सदाचीच चोवीस तासांची.

मऊपणाची बाजूही सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल रबर म्हणजे अमृत. १९७१ च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत ६७ लाख शेव्हरोले गाड्या परत बोलावल्या. कारण फाउंडेशन! १९६५ ते १९६९ च्या या गाड्यांत रबर लोखंडी पट्टीपासून सुटायचं. मग टॉर्कच्या पिळाने व्ही-८ इंजिन एका बाजूने उचललं जायचं, सोबत ॲक्सिलरेटरची दांडी ओढली जाऊन थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) उघडं अडकायचं, आणि काही वेळा ब्रेकला मदत करणारी व्हॅक्यूमची नळीही निघायची. गाडी आपणहून पळणार आणि ब्रेक दगडासारखा. दुरुस्ती काय केली, तर इंजिन ठरावीक उंचीपलीकडे उचललं जाऊ नये म्हणून तारेच्या दोराने बांधून टाकलं. आजच्या माउंटमध्ये रबर फाटलं तरी इंजिन लोखंडी घरात अडकून राहील अशी सोय असते. तरीही फाटक्या माउंटवर गाडी रेटत राहिलं की इंजिन सायलेन्सरची जाळी तोडतं, एक्सलच्या आतल्या जॉइंटला वाकडं फिरायला लावतं आणि गिअर अडकवतं. पन्नाशी-साठी पार केलेल्या नातेवाइकांच्या जुन्या गाड्यांत मी कडक माउंटपेक्षा फाटक्या माउंटचीच नासाडी जास्त पाहिली आहे.

घरी बघायचं असेल तर बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबायला सांगा आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचितच सोडायला, मग रिव्हर्सला तसंच. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीच्या पुढे नको. इंजिन जरा कलेल आणि थांबेल ते ठीक. उडी मारून ठण्ण वाजेल तर माउंट गेलं. माउंटखाली काळसर ओघळ दिसला तर हायड्रॉलिक माउंट फुटलंय. आणि वरून टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, ऑइल गळून रबरावर पडत असेल, तर आधी ते वीस-तीस मिनिटांचं गॅस्केट बदला. नैसर्गिक रबर ऑइलने फुगून लापशीसारखं होतं, नवं टाकलंत तरी सहा महिन्यांत तेच.

भाच्याच्या पिना साफ केल्या, कॉइलचा सॉकेट बदलला, वायरला जरा ढील देऊन क्लिप नव्या बसवल्या आणि मूळ रबराचा टॉर्क रॉड परत लावला. दिवा विझला तो विझलाच. गिअर आता खटकन पडत नाही, याची हळहळ त्याला आहे, आणि ती मी समजू शकतो. कडक माउंटने गिअर खरंच छान पडतो.

महिनाभराने पुन्हा फोन. या वेळी चित्र स्थिर होतं. "मामा, हलकी पुली टाकू का क्रँकला? पिकअप वाढतो म्हणे." इथे मात्र मी आवाज चढवला. क्रँक प्रत्येक स्फोटाला पीळ खातो आणि सुटतो, पिळलेल्या टॉवेलसारखा, डोळ्यांना न दिसण्याइतका. या पिळाचीही एक लय असते, आणि इंजिनाचे स्फोट तिला गाठतात तेव्हा क्रँक खरोखर तुटू शकतो. याच्याशी फाउंडेशनचा काहीही संबंध नाही. ते कितीही मऊ करा, क्रँक आतल्या आत पिळला जातच राहतो. म्हणून पुष्कळ इंजिनांत पुढची पुली दोन कड्यांची असते आणि मधे रबराची पट्टी असते. बाहेरचं कडं मागे रेंगाळून तो पीळ मोडतं. हलकी, एकसंध पुली लावली की ती पट्टी गेली. काही छोट्या इंजिनांना साधी पुली चालते, पण आपली कुठली ते आधी बघावं लागतं. आणि फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट, जे आपल्याकडे २०१३ पासून इकोस्पोर्टमध्ये मिळायचं, त्यात तर पुली आणि फ्लायव्हील (क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं जड चाक) मुद्दाम असमतोल ठेवलेली. तीन सिलिंडरची ती सी-सॉ थोपवायला वेगळा दांडा घालण्याऐवजी त्यांनी तिची दिशाच वळवली, जिथे माउंट मऊ आहेत तिकडे. तिथे कुणी सुबक, अचूक समतोल साधलेली हलकी पुली लावली तर गाडी जास्तच थरथरेल.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि एअर फिल्टर?"

"तो टाक," मी म्हटलं. "नुसता आवाज वाढेल."